नियम तोच, भाषा आपली
(निवडणुकीचे नियम सोप्या मराठीत उतरवताना)

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



ऊस घातल्यापासून चौदा दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत, हा नियम आपल्या कार्यक्षेत्रात कोणालाही विचारा, तोंडपाठ आहे. हा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला आहे. उशीर झाला तर साल दरसाल पंधरा टक्के व्याज, हेही त्यातलेच. तो आदेश आपल्यापैकी फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिला असेल, पण नियम मात्र बांधावरच्या माणसालाही माहीत आहे. कारण साधे आहे. कोणी द्यायचे, काय द्यायचे आणि किती दिवसांत द्यायचे, या तिन्ही गोष्टी एका वाक्यात बसतात आणि ते वाक्य आपल्या भाषेत आहे.

आता दुसरा प्रश्न. कारखान्याच्या निवडणुकीची मतदार यादी लागली आणि त्यात आपले नाव नसले, तर किती दिवसांत, कोणाकडे आणि काय करायचे? हा प्रश्न आम्ही गटमेळाव्यांत विचारून पाहिला. बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. एका आबांनी तर सरळ सांगून टाकले, "ते हापिसवाले बघत्यात की साहेब, आपण कशाला त्यात?"

उसाच्या पैशाचा नियम जितका आपला, तितकाच मताचा नियमही आपलाच आहे. पैसे कोणत्या दराने द्यायचे, तोडणीचा कार्यक्रम कसा लावायचा, ठेवी-कपाती किती करायच्या, हे ठरवणारे संचालक मंडळ याच मतातून निवडून येते. म्हणून संचालक मंडळाने ठरवले आहे, की आपल्या पोटनियमांतील निवडणुकीचे प्रकरण सोप्या मराठीत पुन्हा लिहावे आणि ते सर्वसाधारण सभेपुढे ठेवावे. सभासदांना कोणते शब्द अडतात, ते गावोगाव फिरून टिपण्याचे काम शेतकी विभागाकडे आले. त्या कामात जे दिसले, ते या लेखात मांडतो.

शेतकी विभागाचा यात काय संबंध?

काही सभासदांनी आम्हाला हे विचारलेच. "तुम्ही बेण्याचं बघा, निवडणुकीचं कुठं काढलं?" रास्त प्रश्न आहे. पण सोप्या भाषेत लिहिणे हा आमचा रोजचाच धंदा आहे.

उदाहरण पाहा. आडसाली उसासाठी खतांची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी आहे. विद्यापीठाच्या पुस्तिकेत ती याच शब्दांत छापलेली असते. आता आपले रान एकरात, खत पोत्यात आणि मोजमाप पाटीत. म्हणून आमचा कर्मचारी बांधावर आला, की हेक्टरी आणि नत्र हे दोन्ही शब्द बाजूला ठेवतो आणि सांगतो : "अण्णा, एकरी पावणेआठ पोती युरिया, पण एका दमात नाही. चार हप्ते करायचे. लागणीला दहावा हिस्सा, दीड-दोन महिन्यांनी चाळीस टक्के, तीन-चार महिन्यांनी पुन्हा दहावा हिस्सा आणि राहिलेले मोठ्या बांधणीला."

येथे शिफारस बदलली का? एक किलोनेही नाही. हेक्टरी ४०० किलो नत्र म्हणजे एकरी १६० किलो आणि युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून ४५ किलोची पावणेआठ पोती. माप तेच राहिले, फक्त शेतकऱ्याच्या हातात बसेल असे झाले. निवडणुकीच्या नियमांचे नेमके हेच करायचे आहे. नियम हलवायचा नाही, भाषा उतरवायची. माप चुकले तर पीक जाते, तसे शब्द चुकला तर मत जाते.

नियम येतात कोठून?

भाषा सोपी करण्याआधी हे समजून घ्यावे, की कोणते शब्द आपल्या हातात आहेत आणि कोणते नाहीत.

सगळ्यांत वर आहे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. त्याखाली राज्य शासनाने केलेले नियम. साखर कारखान्यांसारख्या मोठ्या संस्थांच्या निवडणुका पूर्वी १९७१ च्या नियमांप्रमाणे होत आणि ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे असे. पुढे २०११ मध्ये ९७ वी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि १५ फेब्रुवारी २०१२ पासून ती लागू झाली. तिला अनुसरून २०१३ मध्ये आपल्या राज्याचा कायदा बदलला, राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण स्थापन झाले आणि २०१४ मध्ये निवडणुकीचे नवे नियम आले. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनादुरुस्तीतील सहकारी संस्थांचा भाग फक्त बहुराज्यीय संस्थांपुरता ठेवला. राज्यातील संस्थांवर कायदा करण्याचा अधिकार राज्याचाच आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

सगळ्यांत खाली, पण आपल्या सर्वांत जवळ, आहेत आपल्या कारखान्याचे पोटनियम. कायदा आणि शासनाचे नियम यांतील एक अक्षरही आपण बदलू शकत नाही. पोटनियम मात्र आपल्या सभेचे आहेत. ते सोपे करता येतात आणि वरच्या दोन्हींचा अर्थ सोप्या भाषेत सांगणारी पुस्तिकाही काढता येते. दोहोंत फरक पडला तर कायदाच खरा, हे पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक छापले जाईल.

एक गोष्ट मात्र आधीपासूनच सोप्या भाषेत आहे. एक सभासद, एक मत. इंग्लंडात रॉचडेल गावच्या कामकरी लोकांनी १८४४ साली आपले दुकान काढले, तेव्हापासून सहकाराचा हा कणा आहे. १९५० साली प्रवरेचा कारखाना सुरू झाला. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी तेथे जी वाट पाडली, तिच्यावरूनच पुढचे कारखाने चालत आले. आपल्या कायद्यात हे तत्त्व २७ व्या कलमात आहे. वीस गुंठेवाल्याचे मत आणि वीस एकरवाल्याचे मत सारखेच. शेअर एक असो की दहा, मत एकच. वजनकाट्यावर टनेज वेगवेगळे येईल, मतपेटीत मात्र सगळ्यांचे वजन एक.

सभासदांना अडलेले शब्द

गावोगाव टिपलेल्या शब्दांची यादी मोठी आहे. त्यातील मुख्य तेवढे येथे देतो.

पहिला शब्द : दावा. पोटनियमांची आजची भाषा अशी आहे : "ज्या सभासदाचे नाव प्रारूप मतदार यादीत समाविष्ट होण्याचे राहून गेले असेल अथवा ज्याच्या नावासंबंधीच्या तपशिलात चूक असेल, अशा सभासदास विहित मुदतीत व विहित रीतीने तत्संबंधीचा दावा अथवा हरकत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी स्वरूपात दाखल करता येईल."

हे वाक्य आम्ही एका मेळाव्यात वाचून दाखवले आणि विचारले, काय कळले? एक तात्या म्हणाले, "दावा लावायचा म्हंजे वकील आला, तालुक्याला हेलपाटं आलं. एका मतासाठी कोण कोर्टात जातंय?" चूक तात्यांची नाही. आपल्याकडे दावा म्हणजे बांधाचा दावा, वाटपाचा दावा. येथे मात्र दावा म्हणजे 'माझे नाव यादीत घाला' असा साधा अर्ज आणि हरकत म्हणजे 'यादीतले हे नाव चुकीचे आहे' असे सांगणारा अर्ज. या शब्दापायी माणसे अर्जच करत नसतील, तर तो शब्द बदललाच पाहिजे. सुचवलेली नवी भाषा अशी :

"कच्ची यादी लागली की आपले नाव बघा. नाव नसेल किंवा चुकीचे असेल, तर नोटिशीत दिलेल्या तारखेच्या आत लेखी अर्ज द्या. अर्ज कोणाकडे द्यायचा ते नोटिशीतच लिहिलेले असते. अर्जाची पोच घ्या."

२०१४ च्या नियमांत ही मुदत यादी प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवसांची आहे. उसाच्या पैशाचे चौदा दिवस जसे पाठ आहेत, तसे हे दहा दिवस पाठ करावेत आणि प्रत्यक्षात नोटिशीवर छापलेली तारीख प्रमाण मानावी. पक्की यादी झाल्यावर मतदानाच्या दिवशी केंद्रावर कितीही भांडले, तरी तेथील अधिकाऱ्याला नाव घालता येत नाही.

दुसरा शब्द : नामनिर्देशन. हा शब्द तर दोन घरचा पाहुणा आहे. निवडणुकीला उभे राहणारा जो अर्ज भरतो, ते नामनिर्देशनपत्र. सभासदाने आपल्या माघारी शेअर कोणाच्या नावे करावेत हे लिहून द्यायचे, तेही नामनिर्देशनच. आमचा कर्मचारी एका वस्तीवर हा दुसरा फॉर्म घेऊन गेला, तर तेथील कारभारी म्हणाले, "आमाला न्हाई उभं राहायचं बाबा इलेक्शनला. दुसरं कुनी बघा." म्हणून आता एकाला 'उमेदवारी अर्ज' आणि दुसऱ्याला 'वारस नेमणूक' असे दोन वेगळे शब्द सुचवले आहेत.

तिसरा शब्द : गट. शेतकी गट म्हणजे आमचे गट ऑफिस. निवडणुकीचा गट म्हणजे मतदारसंघ. जमिनीचा गट म्हणजे गट नंबर. एकाच कागदावर तिन्ही आले की चांगला शिकलेला माणूसही गोंधळतो. नव्या मसुद्यात निवडणुकीच्या गटाला सगळीकडे 'निवडणूक गट' असेच म्हटले आहे. एक वस्तू, एक शब्द, हा नियम आम्ही पाळणार आहोत.

चौथा शब्द : अर्हता दिनांक. हा शब्द एकाही मेळाव्यात कोणाला सांगता आला नाही. त्याचा अर्थ इतकाच, की ज्या तारखेची स्थिती धरून मतदार यादी तयार होते ती तारीख. त्या तारखेला तुम्ही कारखान्याच्या दप्तरी जसे आहात, तसे यादीत येणार. त्या तारखेनंतर कागद नीट केले, तर या निवडणुकीला उपयोग नाही. सभासद म्हणून दाखल झाल्यापासून दोन वर्षे पूर्ण झाल्याशिवाय यादीत नाव येत नाही, हेही येथेच सांगावे लागेल. मसुद्यात या शब्दासाठी 'यादीची तारीख' असे लिहिले आहे.

मयताचे नाव आणि जित्याचे मत

सगळ्यांत जास्त मते जेथे वाया जातात, ते हे ठिकाण आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सभासद वारले. शेतावर वारसनोंद झाली, सात-बारा पोरांच्या नावावर आला, ऊसनोंदही मुलाच्या किंवा पत्नीच्या नावाने होऊ लागली. बिल बँकेत जमा होते, सवलतीची साखरही घरात येते. सगळे सुरळीत चालले आहे असे वाटते. पण कारखान्याच्या सभासद नोंदवहीत शेअर अजून मयताच्याच नावावर आहेत. असे पाच-सात हंगाम जातात. मग निवडणूक लागते. यादी उघडली की त्यात जे गेले त्यांचे नाव निघते आणि जे ऊस पिकवतात त्यांचे निघत नाही.

आमच्या कार्यक्षेत्रातील एका गावी अशाच एक बाई मतदान केंद्रावर आल्या. पती गेल्यापासून रान त्यांनीच सांभाळले. लागण, पाणी, खत, तोडणीवाल्यांमागे फिरणे, सगळे त्यांच्याच अंगावर. सोबत ऊसबिलाची पावती आणली होती. यादीत नाव पतीचे. बाईंना परत जावे लागले. जाताना त्या एवढेच म्हणाल्या, "ऊस माझा चालतो, मत चालंना व्हय?" या प्रश्नाला आमच्या कोणत्याही कर्मचाऱ्याकडे उत्तर नव्हते.

येथे नियम असा आहे. सभासदाने हयातीत वारस नेमलेला असेल, तर शेअर त्याच्या नावे करण्याचे काम सोपे होते. पण वारस नेमला म्हणजे तो आपोआप सभासद होत नाही. सभासद वारल्यावर वारसाने अर्ज करावा लागतो, मृत्यूचा दाखला आणि कागद द्यावे लागतात आणि संचालक मंडळाने तो मंजूर करून नोंदवहीत नाव चढवावे लागते. तेव्हाच मताचा हक्क सुरू होतो. सात-बाऱ्यावरची वारसनोंद तलाठ्याकडची, शेअरवरची वारसनोंद कारखान्याकडची. एक झाली म्हणून दुसरी होत नाही.

आजच्या पोटनियमात हे सगळे चार ठिकाणी विखुरलेले आहे. नव्या मसुद्यात ते एकाच जागी, 'सभासद वारल्यावर घरच्यांनी काय करावे' या मथळ्याखाली, क्रमाने आणले आहे. घरात दुःख असताना कोणी कलमे शोधत बसणार नाही. मथळा वाचून पान सापडले पाहिजे.

शेअर दोघा-तिघांच्या नावे असतील, तर दाखल्यावर ज्याचे नाव पहिले, त्याचा मताचा हक्क पहिला. भावाभावांत आधीच बोलून हे ठरवावे. केंद्राच्या दारात वाद नको. आणि मत स्वतःच द्यायचे असते. "वडील आजारी आहेत, त्यांच्या बदली मी टाकतो," हे व्यक्ती सभासदाला चालत नाही.

सोपे लिहिताना घसरायला नको

येथपर्यंत वाचून वाटेल, की अवघड शब्द काढले आणि सोपा घातला, झाले काम. तसे नाही. काही शब्द अवघड असले तरी त्यांच्यात माप भरलेले असते. ते काढले तर पोते फाटते.

'कसूरदार' हा शब्द घ्या. आम्हालाही वाटले, याच्या जागी 'थकबाकीदार' लिहू. सर्वांना कळेल. पण थकबाकी ही मुदत टळली की आपण म्हणू लागतो. कायद्यात मात्र कसूरदार कोणाला म्हणायचे हे बारकाईने सांगितले आहे. कारखान्याकडून कोणी उचल घेतली किंवा बेणे-खत उधारीवर नेले, तर पैसे परत करण्याची मुदत आणि मागणीची नोटीस या गोष्टी त्यात येतात. नुसते 'थकबाकीदार' लिहिले, तर चार दिवस उशीर झालेल्या माणसाच्या मतावरही कोणी बोट ठेवील. म्हणून मसुद्यात 'कसूरदार' शब्द ठेवला आहे आणि लगेच खाली त्याचा अर्थ सोप्या वाक्यांत दिला आहे.

याच शब्दात आणखी एक गुंता आहे, तो सर्वांनी ध्यानात घ्यावा. मत देण्यासाठी आणि उभे राहण्यासाठी कसूर वेगवेगळी मोजली जाते. कारखान्याचे कर्ज घेऊन जो कसूरदार झाला, त्याला कारखान्यात मत नाही. गावच्या सोसायटीचे पीककर्ज थकले, तर तेवढ्याने कारखान्यातले मत जात नाही. पण उमेदवार म्हणून उभे राहायचे असेल, तर कोणत्याही सहकारी संस्थेचा कसूरदार चालत नाही. म्हणजे गावच्या सोसायटीची बाकी मतदाराला आडवी येत नाही, उमेदवाराला येते. हे एका वाक्यात कोंबले की वाचणारा हमखास चुकतो. म्हणून दोन वेगळी वाक्ये, दोन वेगळ्या ओळी.

दुसरे उदाहरण बहुमताचे. पोटनियम बदलायला "हजर राहून मत देणाऱ्या सभासदांच्या दोन-तृतीयांश" इतके बहुमत लागते. कोणी म्हणेल, लांबलचक आहे, 'हजर सभासदांच्या दोन-तृतीयांश' लिहा. आता हिशेब करून बघा. सभेला ३०० सभासद हजर आहेत. त्यांतल्या २४० जणांनी मत दिले, ६० गप्प बसले. खऱ्या नियमाप्रमाणे १६० मते पुरतात. आपण 'मत देणाऱ्या' हे दोन शब्द गाळले, तर २०० लागतील. दोन शब्दांत चाळीस मतांचा फरक!

तीच गोष्ट 'आणि' अन् 'किंवा' यांची. सात-बारा 'आणि' ऊसनोंद मागितली, तर दोन्ही कागद लागतात. 'किंवा' म्हटले, तर एकावर भागते. बोलताना आपण स्वल्पविराम देऊन पुढे जातो, नियम लिहिताना तसे जाता येत नाही. म्हणून मसुद्याचे प्रत्येक वाक्य सहकारी कायद्याच्या जाणकार वकिलांकडून तपासून घेतले जात आहे. सोपे आहे का ते सभासदांनी सांगायचे, बरोबर आहे का ते वकिलांनी.

मसुदा कसा तपासत आहोत?

त्याची पद्धत आम्ही सोपी ठेवली आहे. गट ऑफिसात दहा-बारा सभासद बसवायचे. त्यांत वयस्क हवेत, बायाबापड्या हव्यात, नुकती मिसरूड फुटलेली पोरे हवीत. एकाने एक नियम मोठ्याने वाचायचा, मग कागद उलटा ठेवायचा. वाचलेले समजले का, असे विचारायचे नाही, कारण सगळे मान हलवतात. विचारायचे हे : "आता तुमचं नाव यादीत नाही असं समजा. उद्या सकाळी उठून तुम्ही काय करणार?" सांगता आले, तर नियम पास. अडखळले, तर वाक्य नापास, माणूस नाही. ते वाक्य पुन्हा लिहायचे.

या पद्धतीने निघालेली काही पथ्ये अशी :

१. एका वाक्यात एकच काम सांगायचे.
२. कोणी करायचे ते आधी लिहायचे. "अर्ज करण्यात यावा" असे नाही, "सभासदाने अर्ज करावा" असे.
३. मुदत शब्दांत आणि आकड्यांत, दोन्ही लिहायची.
४. एका वस्तूला सगळीकडे एकच नाव.
५. अपवाद असेल, तर तो मुख्य नियमाच्या लगेच खाली. तीन पाने पुढे नाही.
६. अक्षर मोठे. संध्याकाळी बल्बच्या उजेडात म्हाताऱ्या माणसाला वाचता आले पाहिजे.

उमेदवारी अर्ज, छाननी, माघार हे भाग सभासदांना बरेचसे माहीत आहेत, तेथे फार बदल नाही. मतपत्रिकेवर मात्र एक चित्र घातले आहे. जितक्या जागा, त्यापेक्षा जास्त शिक्के मारले, सही किंवा ओळख पटेल अशी खूण केली किंवा शिक्का नेमका कोणाला मारला ते कळेना, तर ते मत बाद. निवडणुकीत एका माणसाला वेगवेगळ्या रंगाच्या बऱ्याच मतपत्रिका मिळतात आणि गोंधळ तेथेच होतो. संचालक मंडळात कायद्याने जास्तीत जास्त २१ जागा. त्यांत दोन महिलांसाठी, एक अनुसूचित जाती-जमातीसाठी, एक इतर मागास वर्गासाठी आणि एक भटक्या-विमुक्त जाती व विशेष मागास प्रवर्गासाठी राखीव असते. कोणत्या रंगाचा कागद कोणत्या जागेचा आणि त्यावर किती शिक्के, हे चित्रातून लगेच कळेल. कौल लागल्यावर निवडणुकीबद्दल तक्रार असेल, तर निकालापासून दोन महिन्यांच्या आत सहकार न्यायालयात जावे लागते, ही ओळही शेवटी ठळक दिली आहे.

सभेपुढे आल्यावर

मसुदा वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येईल. सभेने तो वर सांगितलेल्या बहुमताने मंजूर केला, तरी तो त्या दिवसापासून लागू होत नाही. सहकार खात्याकडे जाऊन निबंधकांनी नोंदवला, म्हणजेच तो अमलात येतो. तोपर्यंत जुनाच पोटनियम चालू राहील. अर्थ सांगणारी पुस्तिका मात्र त्याआधीच गट ऑफिसांतून मिळू लागेल.

सभेत एरवी "मंजूर, मंजूर" असा गजर होतो आणि विषय पुढे सरकतो. या विषयाला तसे करू नये, ही आमची हात जोडून विनंती आहे. जो शब्द कळला नाही, त्यावर उठून बोलावे. न कळलेला नियम एकमताने मंजूर केला, तरी तो न कळलेलाच राहतो. आणि ज्या नियमाचा अर्थ दोन-चार जाणकारांनाच कळतो, त्याच्या किल्ल्याही त्या दोन-चार जणांकडेच राहतात. मग ते कोणत्याही पॅनेलचे असोत.

आजच करण्याच्या गोष्टी

मसुदा मंजूर होईल तेव्हा होईल. पुढील कामे मात्र हंगाम सुरू होण्यापूर्वी, हाताला थोडी सवड आहे तोवर उरकावीत :

१. शेअर दाखला काढून बघा. नाव, गाव बरोबर आहे का? दाखल्यावर बाळू आणि आधार कार्डावर बाळासाहेब, अशी तफावत असेल तर दुरुस्तीचा अर्ज द्या.
२. घरातील कोणी सभासद वारलेले असतील, तर शेअर वारसाच्या नावे करण्याचा अर्ज द्या. 'बघू पुढच्या वर्षी' करू नका.
३. आपल्या शेअरवर वारस नेमला आहे का, ते तपासा.
४. कारखान्याची बेणे-खताची उधारी किंवा उचल किती राहिली, त्याचा उतारा घ्या. नोटीस आली असेल तर ती बाजूला टाकू नका.
५. सभेला या आणि हजेरी पुस्तकात सही करा. ऊसही आपल्याच नावावर घाला. 'क्रियाशील सभासद' हा शब्द २०१३ साली कायद्यात आला, तेव्हा सभेची हजेरी आणि संस्थेशी व्यवहार याच दोन गोष्टी मोजायच्या होत्या. कलमे काळाबरोबर बदलतात, पण आपली सही आणि आपली ऊसनोंद दप्तरी असली, तर कोणत्याही कलमात आपले नुकसान नाही.
६. कच्ची यादी लागली की त्याच आठवड्यात गट ऑफिसला येऊन आपले नाव स्वतः बघा. "कुणी तरी बघितलंय" यावर राहू नका.

या कामांसाठी लागणारे फॉर्म सर्व गट ऑफिसांत ठेवले आहेत. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचा फॉर्म आमचा कर्मचारी भरून देईल आणि सही किंवा अंगठ्यापूर्वी तो पूर्ण वाचून दाखवील. वाचून दाखवल्याशिवाय कोणत्याही कागदावर अंगठा देऊ नये, मग तो कागद आमचा असला तरी.

मसुद्याची प्रत गट ऑफिसांत लावली आहे. तुम्हाला अडलेला शब्द आणि त्याच्या जागी तुमच्या बोलण्यातला शब्द, दोन्ही तेथील वहीत लिहून ठेवावेत. ही वही दर शनिवारी शेतकी ऑफिसला येते आणि तिच्यातली प्रत्येक ओळ वाचली जाते.